ढोबळी मिरचीवरच्या कोळ्यावर (माइट) "अमेरिकन औषध" विकणारा फिरतोय, मोहोळ-माढा-पंढरपूरवाल्यांनी वाचा

शेडनेटवाले, मिरचीवाले, वांगीवाले सगळ्यांनी वाचा आणि आपापल्या ग्रुपवर टाका. एक माणूस फिरतोय, अंगात कंपनीचा टी-शर्ट, गळ्यात आयकार्ड, डिकीत बाटल्या, बोलायला लै गोड. आमच्या चुलत्यांना, अण्णांना, त्यानं बावीस हजाराचा चुना लावला आणि मालाचं नुकसान झालं ते वेगळंच.

अण्णांची अर्धा एकर ढोबळी, शेडनेटमध्ये. सोलापूरची गड्ड्याची जत्रा (संक्रांतीची) झाली आणि शेंडे आखडायला लागले. कोवळी पानं बारीक, कडा खाली वळून उलट्या होडीसारखी, देठ लांबलेला, पानाची मागची बाजू तांबूस चकचकीत. गावात जो तो म्हणायचा बोकड्या आलाय, व्हायरस आहे, उपटून टाका. आणि नेमका त्याच वेळेला हा बाबा बांधावर हजर. कुणी बोलावलं नव्हतं. असले लोक औषधाच्या दुकानाबाहेर उभं राहून कोण काय विचारतंय ते ऐकत असतात असा माझा तरी समज झालाय.

मोबाईलला चिमट्याचं भिंग लावलं, पान उलटं केलं आणि स्क्रीनवर एक तुरुतुरु पळणारा चकचकीत किडा दाखवला. "मालक, हा बघा व्हायरसचा किडा, ह्यानंच बाग बसवलीय." मग एक व्हिडिओ लावला, अमेरिकेतल्या हेम्पच्या शेतातला. हेम्प म्हणजे भांगेच्याच जातीचं पीक, तिकडं २०१८ च्या कायद्यानं त्याची शेती मोकळी झाली, आपल्याकडं बिनपरवाना लावलं तर पोलीसच येतील. व्हिडिओत पानावर कोळी वळवळतोय, पुढच्या सीनमध्ये सगळं हिरवंगार, आणि हा म्हणतो तिकडचे शेतकरी हेच मारतात, एका फवारणीत अंडी-पिल्लं-मोठे सगळे साफ.

मी नंतर हेम्पचं वाचलं तर सगळं उलटंच निघालं. तिकडंही आपल्यासारखाच ठिपक्यांचा जाळी करणारा कोळी आणि शेंडे आखडवणारा बारीक कोळी येतो, शिवाय हेम्पचा एक स्वतःचा कोळी आहे, गाजरासारखा निमुळता, चारच पायांचा, जेमतेम ०.२ मिलिमीटर, जाळीबिळी काही करत नाही म्हणून रोग वाढेपर्यंत कुणाला कळतच नाही. आणि त्या पिकाचा अर्क काढतात, अर्कात औषधाचे अंश आणखी घट्ट होतात, त्यामुळं तिथं रासायनिक औषधांना परवानगीच फार थोडी. ते लोक कोळी खाणारे मित्रकोळी सोडतात, फुलं यायच्या आधी गंधक वापरतात, लागण झालेली झाडं काढून टाकतात. एका फवारणीत साफ असलं काही तिथंही नाही.

आता खरी चलाखी कुठं झाली ते बघा. त्यानं फुकट डेमो दिला, दोन ओळींना स्वतःच्या पंपानं मारून दिलं. दुसऱ्या दिवशी भिंगातून बघितलं तर त्या ओळींत कोळी खरंच मेलेला. पण पंपात औषध कालवलं ते गाडीच्या मागं जाऊन, पाणी तेवढं आमच्याकडनं मागून घेतलं. डेमोचं औषध वेगळं आणि विकलेली बाटली वेगळी, हे आत्ता सांगायला सोपं आहे, पण मेलेला कोळी डोळ्यांनी बघितल्यावर कोण संशय घेणार.

विकलेल्या बाटलीनं फवारणी केली तर फुलकिडे, पांढरी माशी पटापट पडली, अण्णा खूश. आठ-दहा दिवसांत शेंडे आणखी आखडले आणि खालच्या पानांवर जाळी दिसायला लागली, म्हणजे शेंडे आखडवणारा पिवळा कोळी आधीच होता, त्यात जाळी करणारा लाल कोळीही आला. फळांवर खरबरीत खाकी डाग, व्यापाऱ्यानं निम्मा माल बदल्यात (हलक्या प्रतीत) टाकला. फोन केला तर "डोस वाढवा मालक", नंतर नंबरच बंद.

मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात पानं आणि बाटली घेऊन गेलो. तिथल्या सरांनी सांगितलं की असं बहुतेक सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या औषधानं होतं, ते मित्रकीटक मारतं आणि कोळी उलट वाढतो. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधंही कोळ्यावर चालत नाहीत, कारण कोळी हा कीटकच नाही, आठ पायांचा, घरात जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या आणि विंचवाच्या गोतातला, त्याला कोळीनाशकच लागतं. आणि मोबाईलच्या भिंगातून दाखवलेला तो पळणारा "व्हायरसचा किडा" म्हणजे बहुधा कोळी खाणारा मित्रकोळीच होता! पिवळा कोळी फार बारीक, नुसत्या डोळ्याला दिसतच नाही, आणि पांढऱ्या माशीच्या पायाला धरून या झाडावरनं त्या झाडावर जातो.

ओळखायचं असेल तर मिरचीत पान वर वळलं तर आधी फुलकिड्यांवर संशय घ्या, खाली वळलं तर कोळ्यावर. लाल कोळ्यासाठी पान पांढऱ्या कागदावर झटका, ठिपके चालायला लागले की समजा. दहापटीचं भिंग दोन-तीनशे रुपयांत मिळतं, ते स्वतःच्या खिशात ठेवा, दुसऱ्याच्या मोबाईलवर काय दाखवतील त्याचा भरवसा नाही.

बाटलीचं म्हणाल तर लेबलवर "१०० टक्के ऑरगॅनिक, माइट-थ्रिप्स-व्हायरस तिन्हींवर" असं मोठं आणि खाली बारीक अक्षरात बायोस्टिम्युलंट, म्हणजे पिकाच्या वाढीला मदत करणारं द्रव्य. बायोस्टिम्युलंट २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली येतात, त्यांना कीड मारतो असा दावा करताच येत नाही. कीड मारणारं औषध असेल तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानं त्यावर नोंदणी क्रमांक, बॅच नंबर, तयार केल्याची आणि संपण्याची तारीख, विषारीपणाचा पतंगासारखा तिरका रंगीत चौकोन आणि कुठल्या पिकावर कुठल्या किडीला ते छापलेलं लागतं. आमच्या बाटलीवर तो चौकोन नव्हता, नोंदणी क्रमांक नव्हता, बिल म्हणून साध्या कागदावर "एस्टिमेट", आणि पैसे गेले एका बाईच्या नावाच्या खात्यावर. कुणी डायकोफॉल हे जुनं कोळीनाशक स्वस्तात देतो म्हणलं तरी घेऊ नका, त्यावर २०२३ ला बंदी आलीय.

पुढं सरांच्या सांगण्यावरनं वाकडे शेंडे खुडून पिशवीत भरून बाहेर नेले आणि लेबलवर मिरची-कोळी लिहिलेलं स्पायरोमेसिफेन हे कोळीनाशक पक्क्या बिलानं आणून पानाच्या मागून बसेल असं मारलं, पुढच्या फवारणीला औषधाचा गट बदलला. गंधक संध्याकाळीच, कारण आपल्याकडच्या उन्हात पानं भाजतात, आणि निमतेलाच्या जवळपास अजिबात नाही. निम्मं पीक हाताला लागलं.

पंचायत समितीत गुण नियंत्रण निरीक्षकांकडं लेखी तक्रार दिलीय, सोबत एक सीलबंद बाटली, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट आणि एस्टिमेटचा कागद. ज्यांच्याकडं ही बाटली पडून असेल त्यांनी फेकू नका, सील असेल तर फोडू नका, तालुक्याला अर्ज द्या, अर्ज जास्त झाले तर लवकर हलतील. परवा सांगोल्याच्या पाहुण्याचा फोन आला, तोच माणूस तिकडं डाळिंबवाल्यांकडं फिरतोय, टी-शर्ट दुसऱ्या रंगाचा आणि तीच बाटली आता "तेल्या स्पेशल" म्हणून. तेल्या जिवाणूचा रोग आहे, त्यावर कोळ्याचं औषध कसलं चालतंय!