केंद्रीय पोलीस दलांतील नव्या भरतीसमोरचा पर्याय: एनपीएस की यूपीएस?

सीआरपीएफ, बीएसएफ किंवा दिल्ली पोलिसांत आता रुजू होणाऱ्याला, १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेली यूपीएस (एकीकृत पेन्शन योजना) हवी की आधीपासूनची एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन प्रणाली), हे रुजू झाल्यापासून ३० दिवसांत कळवावे लागते. काहीच कळवले नाही तर तो एनपीएसमध्ये धरला जातो.

साठाव्या वर्षापर्यंत नोकरी करणाऱ्यासाठी तुलना फारशी अवघड नाही. कर्मचाऱ्याचे अंशदान दोन्हींत मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के आहे. यूपीएसमध्ये २५ वर्षांच्या सेवेनंतर, अखेरच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के रक्कम आणि तीवर महागाई दिलासा मिळतो. पश्चात पती किंवा पत्नीला त्या रकमेच्या ६० टक्के मिळतात. एनपीएसमध्ये सरकार खात्यात १४ टक्के भरते, निवृत्तीच्या वेळी जमा निधीतून ६० टक्क्यांपर्यंत रोख घेता येते आणि उरलेल्यातून वार्षिकी, म्हणजे एकरकमी पैशांच्या बदल्यात नियमित मिळणारे उत्पन्न, घ्यावी लागते, जिच्या रकमेची हमी नसते.

खरा पेच स्वेच्छानिवृत्तीचा आहे, आणि बदल्या व घरापासूनचा दुरावा सोसणाऱ्या जवानाने तो आधी पाहावा. एकविसाव्या वर्षी भरती झालेला शिपाई वीस वर्षांनी बाहेर पडला, तर यूपीएसमध्ये त्याचा हक्क २५ पैकी २० या प्रमाणात, म्हणजे सरासरी मूळ वेतनाच्या ४० टक्के, राहतो. पण ती रक्कम साठाव्या वर्षानंतरच सुरू होते. मधली जवळपास १९ वर्षे, मुलांच्या शिक्षणाचा ऐन काळ, मासिक निवृत्तिवेतनावाचून काढावी लागतात. एनपीएसमध्ये मात्र वीस वर्षांनंतरच्या स्वेच्छानिवृत्तीला नियत वयोमानाच्या निवृत्तीसारखेच लाभ लगेच मिळतात, जरी इतक्या कमी वर्षांत साठलेल्या निधीची वार्षिकी बेताचीच निघणार.

मन ठरत नसेल तर माझा कल यूपीएसकडे आहे. यूपीएसमधून एनपीएसकडे एकदाच, नियत निवृत्तीच्या किमान एक वर्ष किंवा स्वेच्छानिवृत्तीच्या किमान तीन महिने आधी, परतता येते, आणि एनपीएसच्या १४ टक्क्यांच्या तुलनेत सरकारने खात्यात कमी भरलेला ४ टक्क्यांचा फरकही तेव्हा जमा होतो. एनपीएस निवडून मुदत संपल्यावर यूपीएसकडे येण्याची अशी सोय नाही. शिस्तभंगाची कारवाई सुरू असल्यास परतीचा हा मार्गही बंद होतो, म्हणून स्वेच्छानिवृत्तीचा विचार पक्का झाला की अर्ज रेंगाळत ठेवू नये.