गुडघ्याला डायक्लोफेनॅक जेल, गोळी अडीअडचणीला: पावसाळ्यापासूनचा अनुभव

एक्स-रेत उजव्या गुडघ्याची झीज दिसली, तरी डॉक्टरांनी रोजची गोळी दिली नाही. माझी बीपीची चिठ्ठी वाचून त्यांनी जेल लिहिलं. मी टेल्मिसार्टन घेते, त्यातच लघवी वाढवणारं औषधही आहे. त्यावर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा एटोरिकॉक्सिबसारखं वेदनाशामक रोज पोटात गेलं तर किडनीवर ताण येतो आणि बीपीही चढतं. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासूनच पुढचं ठरलं.

जेल बोटभर घेऊन चोळलं की झालं, असं नाही. एका गुडघ्याला एका वेळी 2 ते 4 ग्रॅम, दिवसातून तीन-चारदा. या हिशेबाने 30 ग्रॅमची ट्यूब आठवडाही काढत नाही, आणि माझी खरी तक्रार हीच. गुण सावकाश आला. नेमाने लावत राहिल्यावर जिना उतरताना कठडा धरायची गरज कमी झाली. गोळीच्या मानाने जेलमधलं जेमतेम 6 टक्के औषध रक्तात जातं, त्यामुळे पोटाची कुरकुर नाही. लावल्यावर हात धुवा, दहा मिनिटं कपडा नको, तासभर पाणी नको, वरून शेकायचं तर नाहीच. नणंदेने खुब्याला लावून पाहिलं, पैसे वाया गेले. तो सांधा फार खोल असतो.

गोळी लागते ती लग्नकार्यात किंवा दुखणं उसळलं तर. डॉक्टरांनी लिहिलेलीच, कमीत कमी डोस, दोन-तीन दिवस, आणि सकाळी अनाशापोटी पोटातलं आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल. ‘जेवणावर घे, काही होत नाही’ हा सल्ला सोसायटीत फुकट मिळतो, पण तो अर्धाच खरा. पोटाचं अस्तर जपणारी प्रोस्टाग्लँडिन्स ही औषधं रक्तात जाऊन कमी करतात, पोट भरलेलं असो वा रिकामं. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर गोळी बंद करून तडक डॉक्टर गाठायचा. ह्यांना इकोस्प्रिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन, चालू आहे, त्यात अशी गोळी मिसळली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून माझ्या डब्याला ह्यांनी हात लावायचा नाही.

माउलींच्या पालखीबरोबर सासवडपर्यंत चालणारी मंडळी दिवेघाटात लाडू वाटावेत तशा गोळ्या वाटतात. ‘काकू, घ्या हो, पाय हलके होतील,’ म्हणत एकीने मलाही पुढे केली. घामाने अंग निथळत होतं, पाणी बेताचं. शरीरातलं पाणी आटलेलं असताना हीच गोळी किडनीला सगळ्यात जड जाते. मी लिंबू-सरबत मागितलं.

जेल किंवा गोळीने झीज काही भरून येत नाही, मांडी घालून बसणं अजून अवघडच. त्यापेक्षा फिजिओथेरपिस्टने शिकवलेला, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचा व्यायाम जास्त कामाला आला.

खरेदी करताना मागचं लेबल वाचा. बऱ्याच ट्यूबांत डायक्लोफेनॅकसोबत मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट असतं. थंडावा छान वाटतो, पण मला त्याने पुरळ आलं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी तर सॅलिसिलेटवाली ट्यूब डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. मी साधी, नुसत्या डायक्लोफेनॅकची 1.16 टक्केवाली घेते, आणि ती मागितली की दुकानदार हमखास दुसरीच पुढे करतो.