टेम्परेचर गन: जळगावच्या मे महिन्यात कितपत चालते?

वस्तूला न टेकता लांबूनच तिच्या पृष्ठभागाचं तापमान सांगणारी, हजार-दीड हजारात मिळणारी पिस्तुलाच्या आकाराची टेम्परेचर गन दालमिल, जिनिंग किंवा केळी पिकवायच्या खोलीसाठी (रायपनिंग चेंबर) घ्यावी का? घ्यावी. मात्र तिच्यासोबत येणारा चिठोरा आधी वाचावा. बहुतेक स्वस्त गनवर चालवण्याचं तापमान 0 ते 40 अंश लिहिलेलं असतं. भुसावळ-जळगावला मे महिन्यात बाहेरच 45 च्या आसपास असतं, पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. म्हणजे दुपारी ही गन तिच्या हद्दीबाहेर काम करते. बेअरिंगच्या नोंदी सकाळी सातला घ्या आणि रोज त्याच वेळी घ्या. गन गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

गंमत म्हणजे साध्या इंडक्शन मोटरची नेमप्लेटही भोवतालचं तापमान 40 धरूनच बनवलेली असते. त्यामुळे मोटरच्या अंगाचा नुसता आकडा वहीत लिहून भागत नाही. शेजारी त्या वेळचं हवेचं तापमान लिहा आणि वजाबाकी करा. हवा 32 असताना मोटरचं बाहेरचं कवच (हाउसिंग) 58 आणि हवा 44 असताना 70, दोन्हीकडे वाढ 26 च आहे, घाबरण्यासारखं काही नाही. तीच वाढ 26 वरून 40 वर गेली, तर ग्रीस, बेल्टचा ताण आणि अलाइनमेंट बघायला हवं.

गनवर 12:1 असं अंतर आणि मोजल्या जाणाऱ्या गोलाच्या व्यासाचं गुणोत्तर लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा की 60 सेंमीवरून गन 5 सेंमी व्यासाच्या गोलाची सरासरी सांगते. लेसरचा लाल ठिपका काही मोजत नाही, तो नुसता नेम दाखवतो. लेसर भिंगाच्या वर बसवलेला असेल, तर जवळून मोजताना खरा गोल ठिपक्याच्या थोडा खाली पडतो. वस्तू त्या गोलाच्या निदान दुप्पट मोठी हवी. या हिशोबाने 2 सेंमीचा लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) मोजायला 12 सेंमीपर्यंत जावं लागेल, आणि विजेच्या चालू पॅनलमध्ये हात एवढा जवळ नेणं म्हणजे आत्मघात. पॅनलसाठी ही गन घेऊच नका. 30:1 किंवा त्याहून वरची घ्या, सुरक्षित अंतर सोडा, आणि तिथेही उघड्या तांब्यावर न मारता शेजारच्या काळ्या इन्सुलेशन स्लीव्हवर मारा.

कारण चकचकीत धातू. स्वस्त गनची एमिसिव्हिटी, म्हणजे पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो त्याचा धरलेला आकडा, 0.95 ला पक्की केलेली असते. रंगवलेलं बिडाचं हाउसिंग, रबरी बेल्ट, लाकूड, मातीचं खापर हे सगळं या आकड्याच्या जवळपास बसतं. मांडे भाजायचं खापर ही गन बऱ्यापैकी बरोबर सांगेल. पण घासूनपुसून लख्ख केलेली स्टीलची कढई चुलीवर तापलेली असली तरी आकडा फारच कमी येतो, कारण गन कढईतून परतलेली समोरच्या भिंतीची उष्णता वाचते. शाफ्ट किंवा पुली चकचकीत असेल, तर मशीन बंद असताना तिच्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, टेप तापू द्या आणि तिच्यावर नेम धरा. काचेच्या खिडकीतून किंवा वाफेतून मात्र मोजायला जाऊ नका.

रायपनिंग चेंबरमध्ये आणखी एक अडचण. 43 अंशांतून गन 17 अंशांच्या खोलीत नेली की अर्धा तास तिचा आकडा भटकतो. ती आतच ठेवून द्या, थंड होऊ द्या. ही गन फक्त सालीचं तापमान सांगते. पेटीच्या मधल्या फणीचा गर किती तापलाय हे टोचणीच्या थर्मामीटरनेच कळतं. कच्ची केळी 13 च्या खाली गेली की साल काळवंडते, तिथे दीड अंशाची चूकही महाग पडते.

गन बरोबर आहे का याची तपासणी सोपी आहे: बर्फाचा चुरा ग्लासभर, वर थोडं पाणी, दोन-तीन मिनिटं ढवळा, भिंगावर दव न धरेल असं तिरकं धरून मोजा. 0 पासून दोन अंशांच्या आत आलं तर ठीक. उकळत्या पाण्यावर तपासू नका, वाफ फसवते. भिंगावर दालमिलची धूळ बसली की आकडा उतरतो. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसा. सीझन संपला की बॅटरी काढून ठेवा.

आणि हीच गन पोराच्या कपाळावर धरून ताप बघू नका. दीड-दोन अंशांच्या चुकीत 37 आणि 38.5 सारखेच दिसतात.