सात महिने, ९७ ओटीपी आणि एक टॅब

टॅब आणि त्यावरचा कोर्स घेऊन आता सात महिने झाले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हप्ते अजून चालू आहेत आणि मला नवीन भांडण नको. डेटा ॲनालिटिक्सचा, म्हणजे आकडेवारीतून अर्थ काढायचा कोर्स, 'मराठीतून', टॅब सोबत, २००० रुपयांचे १२ हप्ते. रॅम किती, बॅटरी किती टिकते, ते तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मला बोलायचंय ते ओटीपीबद्दल.

मी बसवर कंडक्टर. मुलगी एसवायबीकॉमला. पैसे मी भरणार म्हणून नोंदणी माझ्या नंबरवर झाली. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, घरचा गॅस आणि लाइटबिलही माझ्याच नंबरवर आहे. पण हे ॲप तीन दिवस उघडलं नाही की आपोआप लॉगआउट होतं. टॅब बंद पडून पुन्हा सुरू केला तरी लॉगआउट. परत आत शिरायचं तर ओटीपी, तो येणार माझ्या फोनवर, आणि चालणार दहा मिनिटं. पोरगी विक्रोळीला कन्नमवार नगरात टॅब मांडीवर घेऊन बसलेली आणि मी सेकंड शिफ्टला गांधीनगरच्या सिग्नलला, बसमध्ये मुंगी शिरायला जागा नाही.

एकदा तर मी एका हाताने तिकीट मशीन आणि दुसऱ्या हाताने फोन धरून ओरडून आकडे सांगत होतो. "आठ, चार, शून्य, दोन… शून्य गं, शून्य!" मधेच एकाला सुट्टे परत दिले. पुढच्या सीटवरचे आजोबा म्हणाले, "शेवटचे दोन परत सांगा, तिला ऐकू नसतील गेले." परत सांगितले. तोवर ओटीपी शिळा. नवीन मागवला तर 'थोड्या वेळाने प्रयत्न करा'. त्या दिवशी तिचा अभ्यास बुडाला आणि एका पॅसेंजरला मी दहाऐवजी वीसचं तिकीट फाडलं, तो भुर्दंड माझ्या खिशातून.

ज्याने हे ॲप बनवलं त्याच्या घरी बहुतेक प्रत्येकाचा वेगळा फोन, वेगळा ईमेल असेल. आमच्याकडे पोरीला स्वतःचा फोन बारावीनंतर मिळाला. शिकणारा एक आणि पैसे भरणारा दुसरा, असं घर त्यांच्या डोक्यातच आलेलं नाही.

कस्टमर केअरला जूनपासून फोन केले. आधी हिंदीतून मॅडम, मग हिंदीतून सर. 'एस्केलेट किया है' हे वाक्य आता मला झोपेतही म्हणता येईल. सप्टेंबरात एका मुलाने खरं काय ते सांगितलं. नंबर बदलता येत नाही, कारण तो कोर्सचा नंबर नाहीच, कर्जाचा आहे. म्हणजे मी ज्याला हप्ते समजत होतो ते एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं. कोर्सवाल्यांना त्यांचे पैसे पहिल्याच आठवड्यात पोचले होते. उद्या कोर्स सोडला तरी कर्ज चालूच.

मी तोंडात मारल्यासारखा गप्प. घरी येऊन ईमेल उघडला तर सगळं होतं तिथे. 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा, कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, इंग्रजीत. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार हा कागद द्यावाच लागतो. सुरुवातीच्या काही दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून, दंड न देता त्यातून बाहेरही पडता येतं. माझी ती मुदत जून महिन्यातच संपली होती. चूक माझीच, पण फोनवर गोड बोलणाऱ्या 'काउन्सेलर' बाईने कर्ज हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता हेही तितकंच खरं.

आता कोर्सबद्दल. ऑगस्टपर्यंत विचारलं असतं तर एक तारा देऊन मोकळा झालो असतो. 'मराठीतून' म्हणजे धड्याचं नाव मराठीत, आत सर अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी. पण थोडं मागे घेतो. शनिवारी रात्री शंकांचा तास असतो, तिथल्या बाई खरोखर चांगल्या. वेळ संपली तरी अर्धा-पाऊण तास थांबतात, मराठीत विचारलं तर मराठीत सांगतात. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, 'तयार फाइल नको, स्वतःच्या घरातला कुठलाही हिशोब आणा आणि त्यावर काम करा.' हा एक तास काढला तर बाकी कोर्समध्ये मला पैसे वसूल झालेले दिसत नाहीत.

मात्र ते काम टॅबवर होईना. बोटाने कॉलम ओढताना तिची चिडचिड व्हायची. शेवटी लॅमिंग्टन रोडवरून ११,००० चा जुना लॅपटॉप आणला. म्हणजे टॅब मुळात लागणारच नव्हता, हे मला २४,००० कबूल केल्यावर कळलं. त्यात एक्सेल नव्हतं. एक्सेलसारखंच काम करणारं लिब्रेऑफिस फुकट आहे म्हणून ते टाकलं, आणि ते शिकायला तिच्या मैत्रिणीने स्पोकन ट्युटोरियल सांगितलं.

हे आयआयटी मुंबईचं काम. पवईतलं. कन्नमवार नगरातून तिकडे जाणारी बस मी स्वतः चालती केलीय, घंटी मारून, कित्येकदा, आणि मला पत्ता नाही. साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, आवाज मराठीत, फुकट, आणि बघायला लॉगिन लागत नाही. लॉगिन लागत नाही! मी तिच्या मागे उभा राहून खात्री केली. पद्धतही साधी. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर प्रोग्रॅम. बाई एक पायरी सांगतात, थांबवायचं, आपण तेच करायचं, मग पुढे. बघून मान डोलावायची सोय नाही, केलं नाही तर गाडी अडते. लिब्रेऑफिस झालं, आता ती पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर आहे. सर्टिफिकेटच हवं असेल तर एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटी वगैरेंचे ऑनलाइन कोर्सही बघायला फुकट. परीक्षा द्यायची तरच १००० रुपये, आणि ती केंद्रावर जाऊन द्यावी लागते.

तर तिने घरातला हिशोब कोणता घेतला असेल? माझा फोन मागितला आणि ओटीपीचे सगळे मेसेज उतरवून काढले, तारीख-वेळेसकट. शेजारच्या कॉलममध्ये स्वतःच्या फोनमधून, मी तिला कॉल कधी केला ती वेळ. जून ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत ९७ ओटीपी. त्यातले ३४ माझा कॉल येईपर्यंत बाद. त्या ३४ मधले २९ सेकंड शिफ्टचे. पिव्होट टेबल की काय ते केलं आणि शिफ्टप्रमाणे रंग दिले. वर मथळा दिला, 'पप्पा, विलंब (मिनिटे)'. मी म्हटलं, अगं, दोष ॲपचा आणि नाव माझं? म्हणे, डेटा जे सांगतो ते लिहायचं असतं.

शनिवारच्या बाईंनी तो तक्ता सगळ्यांना दाखवला. मी त्याचा दुसरा उपयोग केला. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवली आणि तो तक्ता सोबत जोडला. चार महिने जे होत नव्हतं ते नऊ दिवसांत झालं. कर्ज माझ्या नंबरवर राहिलं, लॉगिन पोरीच्या नंबरवर गेलं. म्हणजे दोन्ही वेगळं करता येत होतं, फक्त करायचं नव्हतं.

घेऊ का, असं डेपोत दोघांनी विचारलं. मी दोघांना लॅपटॉपचं दुकान सांगितलं. एकाने तरीही टॅबच घेतला, त्याला रंग आवडला. निदान नोंदणी मुलाच्या नंबरवर कर म्हटलं, तर म्हणाला, "त्याच्याकडे फोन कुठाय?"

आमचा टॅब आता बायकोकडे असतो, भाकऱ्या करताना ओट्यावर टेकवून भजनं लावते. चार्जिंगची पिन सैल झालीय, वायर एका कोनात धरावी लागते. वॉरंटी वर्षाची आहे, पण सर्व्हिस सेंटरला न्यायचं तर आधी नोंदणीच्या नंबरवर ओटीपी, आणि ती नोंदणी कोणाच्या नंबरवर आहे ते त्यांनाही नीट सांगता येत नाहीये. दोन्ही नंबरांवर येऊन गेला, दोन्ही चुकीचे निघाले.

परवा सेकंड शिफ्टला, साडेसातच्या सुमाराला, फोन वाजला. सवयीने हात खिशात गेला, पोरीला कॉलही लावला होता. ती म्हणाली, "पप्पा, मी तर आत आहे, कसला ओटीपी?" मेसेज फायनान्सवाल्यांचा होता. आठवा हप्ता पाच तारखेला, खात्यात शिल्लक ठेवा.