पीटर्सबर्गमध्ये प्रगत रशियन : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव आणि आघातचिन्हांची तक्रार

हा अनुभव लिहायला निमित्त झाले ते नोव्हेंबरमधील एका सेमिनारचे. सेंट पीटर्सबर्गमधील मिखाइलोव्स्की गढी सम्राट पावेल पहिला याने जिवाच्या भीतीने बांधून घेतली आणि 1801 मध्ये त्याच गढीत त्याचा खून झाला. त्या वास्तूवरचा माझा निबंध मी वर्गात वाचत होते. तीन आठवडे खपून लिहिलेल्या त्या निबंधात व्याकरणाची चूक शोधून सापडली नसती. परंतु गढी या अर्थाचा ‘झामक’ हा शब्द मी दुसऱ्या अक्षरावर आघात, म्हणजे उच्चारातला जोर, देऊन ‘झमोक’ असा वाचला, आणि ‘झमोक’ म्हणजे कुलूप. लेखनात हे दोन्ही शब्द तंतोतंत सारखे असतात. प्राध्यापिकाबाईंनी मला पहिल्याच परिच्छेदात चार वेळा थांबवले आणि शेवटी पाचपैकी तीन गुण दिले.

तासिका, शुल्क, टॉर्फलचे (परदेशीयांसाठीच्या रशियन भाषेच्या परीक्षेचे) स्तर ही माहिती इच्छुकांनी एव्हाना काढलेली असतेच, म्हणून ती देत नाही. मी पुण्यात पदविका करून, टॉर्फलचा दुसरा स्तर उत्तीर्ण होऊन येथे आले. पुण्यातील पाठ्यपुस्तकांत प्रत्येक शब्दावर आघाताची तिरपी रेघ असे. येथे मिळालेल्या वाचनसंचात एकही रेघ नव्हती, इतकेच नव्हे तर ‘यो’ या अक्षरावरील दोन टिंबेही गाळलेली होती. टिंबे गेली की ‘फ्स्यो’ म्हणजे ‘सगळे काही’ आणि ‘फ्स्ये’ म्हणजे ‘सगळेजण’ यांतला भेद डोळ्यांना दिसत नाही. राजकन्या दाश्कोवाने 1783 मध्ये सुचवलेले हे अक्षर छापील मजकुरात आजही बहुधा टिंबांविनाच येते. आपण मराठीत ‘गोर्बाचेव्ह’ लिहितो, तेही त्या टिंबांवाचूनच. रशियन माणूस ‘गर्बाचोफ’ म्हणतो.

कार्यालयात विचारणा केली तेव्हा ‘या स्तरावर उच्चार येतात असे गृहीत धरले जाते’ असे उत्तर मिळाले, आणि उच्चारशास्त्राच्या स्वतंत्र तासांसाठी वेगळे पैसे भरायला सांगितले. पूर्ण वर्षाचे शुल्क आधीच भरलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटेल, ते सांगायला नको. मराठी माणसाची अडचण तर दुहेरी आहे. आपल्या भाषेत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे कान त्यासाठी घडलेलाच नसतो. उलट क्रियापदांच्या पूर्ण-अपूर्ण रूपांनी युरोपीय सहाध्यायी हैराण होते, तेथे मला ‘लिहीत होते’ आणि ‘लिहून टाकले’ यांतला फरक पुष्कळदा उपयोगी पडला.

डिसेंबरअखेरीस कोणी विचारले असते तर येथे येऊ नका, असेच मी सांगितले असते. ते मत मला बदलावे लागले. जानेवारीत जुन्या पुस्तकांच्या दुकानात अंद्रेय झालिझ्न्याक यांचा 1977 सालचा व्याकरणकोश मिळाला, तोही वेगळ्या तासांसाठी मागितलेल्या रकमेच्या दशांशात. सुमारे एक लाख शब्दांच्या या कोशात अर्थ दिलेले नाहीत आणि शब्द शेवटच्या अक्षराकडून लावलेले आहेत. प्रत्येक शब्दापुढे एक आकडा आणि एक रोमन अक्षर असते. आकडा रूपावलीचा प्रकार सांगतो आणि अक्षर सांगते की विभक्तीनुसार आघात कोठून कोठे सरकतो. ‘रुका’ म्हणजे हात. द्वितीयेत आघात पुढे येऊन ‘रूकू’ होते, अनेकवचनात ‘रूकी’, आणि चतुर्थीत तो पुन्हा मागे जाऊन ‘रुकाम’. मी हे सारे लहर म्हणून सोडून दिले होते. ती एक ठरलेली चाल निघाली. माझ्या प्रतीत आधीच्या मालकाने कितीतरी नामांपुढे पेन्सिलीने बारीक खुणा केल्या आहेत, आणि मी रोज त्या खुणांवरून वीस शब्द मोठ्याने म्हणते.

दुसऱ्या सत्रात काव्याचा सेमिनार आला. त्यात आठवड्याला एक कविता तोंडपाठ करून म्हणावी लागे. येथे मला या अभ्यासक्रमाचे मोल कळले. छंदच आघात दाखवतो, वेगळ्या चिन्हाची गरज उरत नाही. पुश्किनच्या पद्यकादंबरीत ‘मूझिका’ हा संगीतवाचक शब्द एके ठिकाणी ‘मुझीका’ असाच म्हणावा लागतो, नाहीतर ओळ अडखळते. त्या काळी तोही उच्चार रूढ होता. नव्वद मिनिटांच्या ‘पारा’त, म्हणजे तासिकेत, बाईंनी त्या एका शब्दावर पाऊण तास घेतला. तसा पाऊण तास मला पुण्यात कधी मिळाला नव्हता.

परीक्षेची पद्धतही मला मनापासून आवडली. टेबलावर पालथ्या मांडलेल्या ‘बिलेतां’पैकी, म्हणजे प्रश्नांच्या चिठ्ठ्यांपैकी, एक उचलायचे, थोडा वेळ तयारी करायची आणि समोर बसून तोंडी उत्तर द्यायचे. घोकंपट्टी तेथे दोन उपप्रश्नांपलीकडे टिकत नाही.

वाचनसंचाबद्दलची तक्रार मात्र मी मागे घेत नाही. रशियन वाचकाला चिन्हे लागत नाहीत हे मान्य आहे, पण हा संच परदेशी विद्यार्थ्यांसाठीच बांधलेला आहे आणि त्याचे पैसे आमच्याकडूनच घेतले जातात. दोन टिंबे छापायला कागद जास्त लागत नाही. येणाऱ्यांनी शुल्क भरण्यापूर्वी उच्चाराचे तास त्यात धरलेले आहेत की नाहीत, हे लेखी विचारून घ्यावे. जूनमध्ये मला जे बिलेत आले त्यात योगायोगाने पीटर्सबर्गच्या वास्तूंवरचा प्रश्न होता. ‘झामक’ हा शब्द मी सात वेळा उच्चारला, आणि बाईंनी एकदाही थांबवले नाही.