घरच्या ग्रीनहाऊससाठी फ्रेम कुठली घ्यावी? चार प्रकार वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

छोट्या ग्रीनहाऊससाठी मी आतापर्यंत पीव्हीसी, लाकूड, अ‍ॅल्युमिनियम आणि जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) पाइप अशा चार फ्रेम वापरल्यात, त्यामुळे हे जरा लांबणार. आधीच सांगते, चौघांत मला जीआय पाइप सगळ्यात पटला, पण तोही बघून घेतला नाही तर फसवतो.

सुरुवात पीव्हीसीने केली. हलका, साध्या करवतीने कापता येतो, वेल्डिंगवाल्याला बोलवायला नको, एका दुपारी कमानी उभ्या. पहिलं वर्ष मस्त गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात मधल्या कमानी खाली बसायला लागल्या, कारण पीव्हीसी साधारण 60 अंशांच्या पुढे नरम पडायला लागतो आणि बंद जागेत फिल्मखाली (म्हणजे वर ताणलेल्या प्लास्टिकच्या कागदाखाली) उन्हात पडलेला पाइप चांगलाच तापतो. पण खरा मनस्ताप वेगळाच होता, पॉली फिल्म जिथे जिथे पाइपला टेकली होती नेमकी त्याच रेघेवर फाटली, बाकी फिल्म धडधाकट! मला वाटलं वाऱ्याने घासून फाटली असेल, नंतर कळलं की पीव्हीसीतला क्लोरीन फिल्ममधलं यूव्हीपासून वाचवणारं द्रव्य मारतो. पाइपला वरून पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग दिला किंवा मध्ये कापडी पट्टी घातली तर फिल्म जास्त टिकते. एखाद्या सीझनपुरती रोपं वाढवायची असतील तर घ्या, कायमचं काही करायचं असेल तर नको.

लाकडाबद्दल मला अजून प्रेम आहे. फळी टांगायची, तार ओढायची, कुठेही स्क्रू मारा. शिवाय लाकूड उष्णता फार कमी वाहून नेतं, अ‍ॅल्युमिनियम त्याच्या हजारपटीपेक्षा जास्त नेतं, म्हणून थंड रात्री धातूच्या फ्रेमला आतून पाणी सुटून रोपांवर ठिबकतं तसं लाकडाला होत नाही. पण खांब मातीत गाडले की बुडापासून कुजतात, ते काँक्रीटवर लोखंडी बुटात (खांबाचं बूड धरून ठेवणाऱ्या खोबणीत) उभे करा. कुजू नये म्हणून रसायनाची ट्रीटमेंट केलेलं लाकूड घेत असाल तर एक गोष्ट नक्की विचारा, त्यात तांबं आहे का, कारण तांब्याच्या ट्रीटमेंटने साधे खिळे लवकर गंजतात आणि चिकटून असलेलं अ‍ॅल्युमिनियमही खाल्लं जातं. स्क्रू मग स्टेनलेस किंवा हॉट डिप गॅल्व्हनाइज्डच (वितळलेल्या जस्तात बुडवून थर दिलेले). आणि लाकडाचे भाग जाड असतात, सावली पडते, लहान ग्रीनहाऊसमध्ये ते जाणवतं.

अ‍ॅल्युमिनियमचं किट आलं तेव्हा खूप आनंद झाला होता. दिसायला सुंदर, लोखंडासारखं गंजत नाही (वरचा ऑक्साइडचा थर आतल्या धातूला सांभाळतो), आणि खाचेतले नटबोल्ट सरकवून शेल्फ कुठेही बसवता येतं, ही सोय दुसऱ्या कशातच नाही मिळाली. पण माझ्या किटचं सेक्शन (फ्रेमची पट्टी) इतकं पातळ होतं की एका वादळी रात्री कोपरा वाकला आणि तीन शीट निसटून गेल्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, ताशी 100 किलोमीटरच्या वाऱ्यात समोरच्या भिंतीवर दर चौरस मीटरला जवळजवळ 48 किलोचा दाब येतो. हा हिशोब मी आधी केला असता तर ते किट घेतलंच नसतं. म्हणून किट बघताना फोटो बघू नका, सेक्शनची जाडी विचारा, कर्णात तिरपे आधार आहेत का ते बघा आणि तळाची पट्टी जमिनीत कशी पकडणार ते आधी ठरवा.

आता जीआय. आता जे उभं आहे ते याच पाइपचं, कमानी वाकवून घेतल्या, जोड शक्यतो क्लॅम्पचे ठेवले. वेल्डिंग मुद्दाम टाळलं, कारण वेल्ड केलं की तिथला जस्ताचा थर जळून जातो आणि गंजाला तिथूनच सुरुवात होते. जस्त स्वतः झिजून खालच्या लोखंडाला वाचवतं, बारीक ओरखडा पडला तरी चालून जातं, पण कापलेलं टोक उघडं सोडू नका, त्यावर झिंक पेंट मारा. घेताना एवढंच बघा की थर हॉट डिपचा आहे की नुसता चकाकणारा पातळ मुलामा आहे, दुकानात दोन्ही सारखेच दिसतात. मी पहिल्यांदा मुलामावाला आणला आणि वर्षभरात क्लॅम्पखाली गंज. तापलेला पाइपही फिल्म खराब करतो, म्हणून वरच्या बाजूला इथेही पांढरी पट्टी लावलीय.

वर काय घालणार ते ठरल्याशिवाय फ्रेम ठरवूच नका. 4 मिमी काच दर चौरस मीटरला 10 किलो भरते, तेवढ्याच जाडीची दोन थरांची पॉलीकार्बोनेट शीट एक किलोही नाही. काचेला फ्रेम जराही हलून चालत नाही, शीटला उलट हलायला जागा लागते, 3 मीटरची शीट 40 अंशांच्या फरकाने जवळजवळ 8 मिमी वाढते, त्यामुळे भोकं स्क्रूपेक्षा मोठी पाडा, खाली रबरी वॉशर घाला आणि स्क्रू करकचून पिळू नका, माझ्या पहिल्या दोन शीट तशाच पिळल्यामुळे भोकापासून तडकल्या.