स्वरातून श्वासाकडे नेणारा योगवर्ग
तीन महिने मी ज्या योगवर्गाला नियमित जाते आहे, तेथील शिक्षिका मूळच्या गायिका. खर्जाच्या, म्हणजे खालच्या सप्तकातील स्वरांच्या, रियाजात दमसास अपुरा पडू लागला म्हणून त्या प्राणायामाकडे वळल्या आणि पुढे तोच त्यांचा मार्ग झाला. तानपुऱ्याच्या षड्जाशी (‘सा’शी) गुंजन जुळवून त्या भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखे गुंजन करत श्वास सोडण्याचा प्राणायाम, करवून घेतात, तेव्हा मिटलेल्या ओठांमागे उठलेले कंपन टाळूतून कपाळापर्यंत पसरत जाते आणि उच्छ्वास आपोआप लांबतो. ‘हठप्रदीपिका’ या हठयोगावरील जुन्या ग्रंथाच्या चौथ्या उपदेशातील (अध्यायातील) नादानुसंधान, म्हणजे आतल्या नादावर मन एकाग्र करण्याची साधनाही त्या फार आत्मीयतेने उलगडून सांगतात. आसनांना मात्र वेळ कमी मिळतो, आणि माझ्या गुडघ्याच्या तक्रारीकडे सुरुवातीला दुर्लक्ष झाले, हे खटकले. गाणाऱ्यांना मी हा वर्ग आग्रहाने सुचवेन. केवळ व्यायाम हवा असणाऱ्यांनी दुसरा शोधावा.